‘रेडिओवर लागायलंय, ते द्या’ : एका गाण्याच्या खपाचं प्रकरण

परभणीत आमचं कॅसेटचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवायचं आणि म्हणायचं, “अण्णा, ते रेडिओवर लागायलंय बघा, ते द्या.” कोणत्या पिक्चरचं, कोणी म्हटलेलं, काही ठाऊक नसायचं. अण्णा म्हणायचे, “म्हणून दाखव.” गिऱ्हाईक आधी लाजायचं, इकडंतिकडं बघायचं, मग दीड ओळ गुणगुणायचं. सूर लागो न लागो, तोवर अण्णांचा हात मागच्या फळीवर गेलेला असायचा. कॅसेट डेकवर लावून खात्री करून द्यायची, पैसे गल्ल्यात टाकायचे, पुढचं गिऱ्हाईक. शाळकरी वयात हे मी इतक्या वेळा पाहिलं की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही. ते कळायला 2023 चा हिवाळा उजाडला.

त्या हिवाळ्यात चार पोरांच्या एका ग्रुपचं पहिलं सिंगल (म्हणजे एकच सुटं गाणं) लोकांपर्यंत न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाणं रेडिओवर फुकट वाजलं, मग पैसे मोजून वाजवलं, आणि त्याचा खपावर काय परिणाम झाला याची मी वही ठेवली. वही ठेवायची सवय दुकानाची. ग्रुपचं नाव इथं येणार नाही, तशी पोरांची अटच आहे. “दादा, लिहायचं तर लिहा, पण आमची फजिती आमच्या नावानं नको.”

माल कसा होता

गाणारा जिंतूरचा, हलगीवाला मानवतचा, कीबोर्डवाला सेलूचा आणि गिटारवाला तेवढा संभाजीनगरचा. शिक्षणाच्या निमित्तानं एकत्र आलेले. संभाजीनगरात टीव्ही सेंटरजवळच्या एका खोलीत, भिंतींना गाद्या लावून गाणं रेकॉर्ड झालं. विषय साधा होता : जिंतूरच्या एसटीत रोज खिडकीपाशी बसणारी मुलगी आणि तिच्यासाठी बस सोडून मागच्या बसची वाट पाहणारा पोरगा. मुखडा सुरू व्हायचा ‘जिंतूरच्या येष्टीत’ या शब्दांनी. हलगी फार छान बसली होती. मधला गिटारचा तुकडा उगाच लांबलाय असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

गाण्याला नाव मात्र दिलं ‘विंडो सीट’, तेही रोमन लिपीत. पोस्टरवर देखणं दिसत होतं. मी काही बोललो नाही. पुढं जे झालं त्यातला बराच भाग या न बोलण्यात आहे, म्हणून इथंच कबूल करून टाकतो.

आता ‘खप’ म्हणजे नेमकं काय मोजायचं, हा पहिला घोळ. इंग्लंड-अमेरिकेत एका गाण्याची तबकडी वेगळी विकली जायची, तिचा आठवड्याचा हिशेब लागायचा, त्यावरून क्रम ठरायचा. 2014 पासून इंग्लंडच्या अधिकृत यादीत स्ट्रीम, म्हणजे ऑनलाइन ऐकणंसुद्धा धरायला लागले, सुरुवातीला 100 स्ट्रीम म्हणजे एक विक्री असा हिशेब होता. आपल्याकडं सिंगल नावाची वस्तू दुकानात फारशी नव्हतीच. पिक्चरची तबकडी, पुढं आठ-दहा गाण्यांची कॅसेट. एक गाणं आवडलं तरी दहाचे पैसे द्यायचे, नाहीतर कोरी कॅसेट आणून भरून घ्यायची. कॅसेट भरून देणारे आमच्या गल्लीत दोघं होते, आणि दोघांचाही धंदा आमच्यापेक्षा बरा चालायचा.

आमच्या वहीत म्हणून तीन रकाने होते. पहिला, यूट्यूब आणि ऑडिओ ॲपवर किती वेळा ऐकलं गेलं. दुसरा, किती लोकांनी गाणं कॉलर ट्यून म्हणून ठेवलं. तिसरा रकाना मी पोरांना न विचारता आखला होता : सुपाऱ्या. लग्न, हळद, गणेश मंडळ, कॉलेजचं गॅदरिंग, कुठूनही कार्यक्रमासाठी आलेला फोन. पोरं हसली. “दादा, सुपारी म्हणजे विक्री व्हय का?” म्हटलं, पैसा कुठून येतो ते बघू, मग ठरवू.

पहिला टप्पा : आकाशवाणी

मराठवाड्याला रेडिओचं अप्रूप जुनं आहे. निजामाच्या सरकारचं एक केंद्र औरंगाबादेत होतं, ते हैदराबादच्या केंद्राबरोबर 1 एप्रिल 1950 ला आकाशवाणीकडं आलं. परभणीच्या केंद्रावर तर आमची अख्खी पिढी वाढली. शेतात झाडाच्या फांदीला रेडिओ अडकवून निंदण करणाऱ्या बाया मी पाहिल्यात, आणि फर्माईशीसाठी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकून आपलं नाव ऐकायला कान लावून बसलेली माणसंही. नाव लागलं की त्या घराची गल्लीत इज्जत वाढायची.

पण आकाशवाणीवर गाणं ‘लावा’ म्हणून लागत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वरपरीक्षा द्यावी लागते, श्रेणी मिळते, त्या श्रेणीप्रमाणे बोलावणं आणि मानधन येतं. आमच्या चौघांपैकी कुणालाच श्रेणी नव्हती. तरुणांच्या एका कार्यक्रमात तेवढी जागा मिळाली : मुलाखत, गप्पा आणि मधे दोन गाणी, त्यातलं एक हे. एकदाच लागलं, संध्याकाळी, तुळशीची लग्नं उरकल्यानंतरच्या आठवड्यात.

दुसऱ्या दिवशी गाणाऱ्यानं सकाळी सातलाच फोन केला. “दादा, आकडा हललाच नाही की.” खरंच हलला नव्हता. यूट्यूबवर आदल्या दिवशी जेवढे तेवढेच. पोरांचा चेहरा पडला. हलगीवाल्याच्या मामांचा फोन आला, सेलूहून कुण्या गुरुजींचा आला, मानवतच्या एका किराणा दुकानदारानं पेढे मागितले. पोरांच्या लेखी हे सगळं बिनकामाचं. मी वहीत तिसऱ्या रकान्यापुढं एक बारीकशी खूण केली, कारण त्या गुरुजींनी जाता जाता विचारलं होतं, “पोरांचा भाव काय आहे हो कार्यक्रमाचा?”

दुसरा टप्पा : पैसे मोजून

पोरांचं ठाम मत होतं की गाणं चालत नाही कारण शहरातलं खासगी एफएम ते लावत नाही, आणि लावत नाही कारण आरजेला आपलं गाणं आवडत नाही. त्यांनी त्या आरजेला इन्स्टावर इतके मेसेज केले की शेवटी बिचाऱ्यानं उत्तर दिलं : भावांनो, माझ्या हातात काही नसतं.

हे खरंच असतं, आणि पुष्कळ नव्या कलाकारांना ते ठाऊक नसतं. खासगी स्टेशनवर कोणतं गाणं, किती वाजता, दिवसातून किती वेळा हे बहुतेक करून संगीत विभाग ठरवतो, आणि तो विभाग अनेकदा दुसऱ्याच मोठ्या शहरात बसलेला असतो. गाण्यांची यादी छोटी ठेवलेली असते. नवं आणि चालतं ते दिवसातून अनेकदा, जुनं आवडतं ते अधूनमधून, आणि हा क्रम सॉफ्टवेअर लावतं. यादी छोटी ठेवण्यामागं हिशेब असतो : अनोळखी गाणं लागलं की माणूस स्टेशन बदलतो, आणि माणूस गेला की जाहिरात गेली. थोडक्यात, रेडिओला ते गाणं हवं असतं जे लोकांना आधीच माहीत आहे. आमच्या पोरांना वाटत होतं की गाणं माहीत करून देणं हेच रेडिओचं काम.

कायदा आडवा येत नव्हता, हेही सांगतो. कॉपीराइट कायद्यात 2012 साली घातलेल्या कलम 31-ड प्रमाणे प्रसारण करणारी संस्था ठरलेलं मानधन भरून, आधी कळवून, प्रकाशित झालेलं कोणतंही गाणं वाजवू शकते. त्याआधी 2010 साली कॉपीराइट मंडळानं एफएमसाठी जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या 2 टक्के असा दर लावला होता, तो 2020 पर्यंत चालला आणि साऱ्या कंपन्यांच्या गाण्यांत वाटला जायचा. अशा वाटणीत आमच्या एका गाण्याच्या वाट्याला काय येणार ते उघड आहे. पोरं तर फुकट द्यायला बसली होती, घेणारा नव्हता.

मग मार्ग उरला तो जाहिरातीचा. इथं एक एजंट भेटला. “रोटेशनमधे टाकून देतो” म्हणाला, म्हणजे स्टेशनच्या रोज वाजणाऱ्या यादीत, चहा पाजला, 8,000 घेतले आणि त्यानंतर त्याचा फोन कायम बिझी. ते पैसे गेले. (वहीत नोंद आहे, ‘चहा – 8,000’.) रोटेशन विकत मिळत नसतं, निदान उघडपणे तरी. अमेरिकेत 1950 च्या दशकात डिस्क जॉकी पैसे घेऊन गाणी वाजवत, त्यावरून 1959-60 मधे तिथल्या संसदेत चौकशी झाली, ॲलन फ्रीडसारख्या नामांकित निवेदकाची नोकरी गेली आणि कायदा बदलला. उघड जाहिरात ही वेगळी गोष्ट, ती सरळ दरपत्रकावर असते. आम्ही सरळ रस्त्यानं दहा दिवसांचे स्पॉट घेतले. 20,000 रुपये, पोरांनी हळदीच्या कार्यक्रमांतून साठवलेले. दहा सेकंदांवर दर असतो, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ महाग. आम्हाला परवडले ते दुपारचे आणि रात्री अकरानंतरचे.

स्पॉटमधे काय होतं? मुखड्याची पहिली ओळ, हलगीचा तुकडा आणि शेवटी निवेदकाचा आवाज : ‘विंडो सीट’, ऐका सर्व ॲपवर.

आकडे वर गेले

दहा दिवसांत गाणं ऐकणाऱ्यांचा आकडा दुपटीच्या पुढं गेला. पोरांनी पार्टी केली. गिटारवाला म्हणाला, “बघा, मी म्हणत होतो. अजून दहा दिवसांचे घेऊ.” पैसे नव्हते, म्हणून वाचलो.

कारण मला एक शंका होती. यूट्यूबच्या हिशेबात शहरवार आकडे दिसतात. संभाजीनगरात स्पॉट लागत होते, तिथं आकडा वाढला, ठीक. पण लातूरला? लातुरात तेव्हा खासगी एफएम नव्हतं. 2024 च्या ऑगस्टमधे केंद्र सरकारनं 234 नव्या शहरांत 730 एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, त्या यादीत लातूर, उदगीर, उस्मानाबाद ही नावं आहेत, म्हणजे तोवर तिथं ती सोय नव्हतीच. आमचा एकही स्पॉट लातुरात ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी लातूरचा आकडा जवळजवळ त्याच पटीत वाढला होता. आणि पुण्याचा त्याहून जास्त! पुण्यात एफएम पुष्कळ, पण आमचा रुपया तिथं गेलेला नव्हता.

दोन रात्री काढल्या तेव्हा उलगडा झाला. स्पॉट सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी नांदेडच्या एका हॉस्टेलच्या पोरांनी एसटीच्या मागच्या सीटवर बसून या गाण्यावर एक रील केलं होतं. आम्हाला पत्ताही नव्हता. ते पुण्यातल्या मराठवाड्याच्या पोरांत फिरलं. कात्रजला, वाघोलीला खोल्या करून राहणारे, कंपनीत जाणारे, स्पर्धा परीक्षांचे क्लास करणारे. गावाकडच्या एसटीचं गाणं त्यांना भावलं नसतं तरच नवल. त्याच आठवड्यात लग्नाचे मुहूर्तही दाट होते.

म्हणजे संभाजीनगरच्या वाढीतून लातूरची वाढ वजा करायची, मग उरेल ते रेडिओचं. दुकानदारी भाषेत सांगायचं तर शेजारच्या गावातही पाऊस पडला असेल तर आपल्या विहिरीचं पाणी चढल्याचं श्रेय मोटारीला देऊ नये. वजाबाकी केल्यावर उरलं ते थोडं होतं. शून्य नव्हतं, पण 20,000 चं नव्हतं.

रेडिओ आणि खप यांच्या नात्याबद्दल बोलणाऱ्यांची इथंच गल्लत होते. गाणं वाजतं आणि खपतं, म्हणून वाजल्यामुळं खपतं असं धरलं जातं. पण खपतंय म्हणूनही वाजत असतं. स्टॅन लीबोविट्झ नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं तर आणखी पुढं जाऊन मांडलंय की एखाद्या गाण्याला रेडिओचा फायदा झाला तरी साऱ्या गाण्यांची मिळून विक्री रेडिओमुळं वाढते असं म्हणता येत नाही, उलट फुकट ऐकायला मिळतं म्हणून ती घटूही शकते. पंगतीत एकाला पुढं बसवलं तर त्याचा फायदा होतो, सगळ्यांना पुढं बसवता येत नाही. कॅसेटवाल्याचा मुलगा म्हणून मला हे पूर्ण पटत नाही, आमचं निम्मं गिऱ्हाईक रेडिओनंच पाठवलेलं. पण त्यांच्या घरी रेडिओ नसता तर त्यांनी जास्त कॅसेट घेतल्या असत्या का, हे अण्णांनाही सांगता यायचं नाही.

नाव नसलेलं गिऱ्हाईक

वजाबाकीनंतर एवढंच कसं उरलं, हा प्रश्न मला सोडवत नव्हता. स्पॉट लोकांनी ऐकले होते, यात वाद नाही. क्रांती चौकात रिक्षावाल्याला मी स्वतः ‘जिंतूरच्या येष्टीत’ गुणगुणताना ऐकलं. नवव्या दिवशीची गोष्ट. त्याला विचारलं, हे कुठं ऐकलं? “रेडिओवर लागायलंय की दुपारून.” मग मोबाईलवर नाही ऐकलं? तो म्हणाला, “दोन दिवस शोधायलो साहेब, गावंना. येष्टीचं गाणं म्हणून टाकलं तर भलतंच येतंय.”

रिक्षातच मला अण्णांचं काउंटर आठवलं.

रेडिओ माणसाच्या तोंडात गाणं घालतो. एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. पण तोंडातलं गाणं आणि विकत घ्यायची वस्तू यांच्यामधे एक माणूस लागतो, जो दीड ओळ ऐकून हात मागं करतो. आमच्या मोहिमेत तो माणूस नव्हता. त्याच्या जागी शोधायची चौकट होती, आणि त्या चौकटीला ‘विंडो सीट’ रोमन लिपीत हवं होतं. लोक टाकत होते येष्टी, येस्टी, एसटी, लालपरी, जिंतूर बस. गुणगुणून गाणं शोधायची सोय फोनमधे आहे, पण रिक्षावाल्याला ती ठाऊक नव्हती आणि ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनाही नसावी. यातली वाईट गोष्ट अशी की हिशेबात फक्त ज्यांना सापडलं तेच दिसतात. शोधून हात हलवत परत गेलेलं गिऱ्हाईक कुठल्याच आलेखात नसतं. दुकानात निदान त्याची पाठ तरी दिसायची.

ही जागा मधे नेमकी बुजवली गेली होती ती कॉलर ट्यूनच्या दिवसांत. 2009-10 च्या सुमाराला आमच्या दुकानात कॅसेटी जाऊन रिचार्ज आणि मेमरी कार्ड आलेलं. तुम्ही कुणाला फोन लावला, त्याची ट्यून आवडली, तर हीच ट्यून हवी असल्यास स्टार दाबा. झालं! नाव नको, स्पेलिंग नको, गायक नको. महिन्याला तीसेक रुपये. एका गाण्याचे पैसे गावोगावच्या माणसानं खरोखर मोजले ते या एका बटणामुळं. कित्येकांनी न कळत मोजले, हेही खरं, आणि त्या तक्रारींवरूनच ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं जुलै 2011 मधे दोनदा संमती घेतल्याशिवाय पैसे कापायचे नाहीत असं फर्मान काढलं. बटण एकाचं दोन झालं आणि तो बाजार बसला. गिऱ्हाईक आणि गाणं यांच्यात एक पायरी वाढली की काय होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अमीन सयानींच्या गीतमालेलाही ही अडचण आली होती. केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटलं आणि 1952 मधे रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. गाण्यांचा क्रम लावायला तबकड्यांच्या दुकानांतून विक्रीचे आकडे मागवत. पण गाणं लोकांच्या ओठांवर असायचं आणि दुकानात तबकडी संपलेली असायची, मग आकडा खाली. म्हणून श्रोता संघांचं मतही धरायला सुरुवात झाली. विक्रीचा आकडा नुसती आवड सांगत नाही, आवड आणि फळीवरचा माल दोन्ही मिळून सांगतो. आमचा माल फळीवर होता, पण खोक्यावर दुसरंच नाव लिहिलेलं होतं.

नवव्या दिवसाचा हा शोध. त्याच रात्री यूट्यूबवरचं शीर्षक बदललं : आधी देवनागरीत ‘जिंतूरच्या येष्टीत’, मग रोमनमधे दोन स्पेलिंगं, विंडो सीट शेवटी. ऑडिओ ॲपवर मात्र नाव बदलायला वितरकाकडून बरेच दिवस लागतात, तोवर स्पॉट संपले. बदलानंतर संभाजीनगरचा आकडा लातूरला मागं टाकून वर सरकायला लागला. नेमका तेव्हा, जेव्हा रेडिओवर आमचं काही नव्हतं! हा उशिरा आलेला रेडिओचा परिणाम की नुसत्या शीर्षकाचा, हे वेगळं काढणं आता शक्य नाही. शीर्षक आधी बदललं असतं तर काढता आलं असतं.

पोरांचा राग आणि एक खटला

गाणाऱ्याचं मन तरी एफएमवरच अडकलेलं. जाहिरात घेतात, गाणं लावत नाहीत, हा अन्याय आहे, यावर काही कायदेशीर करता येईल का? त्याला मी स्टेटस क्वोची गोष्ट सांगितली. ब्रिटनमधला मोठा, जुना रॉक ग्रुप. 1996 मधे त्यांनी अमेरिकेतल्या बीच बॉइज या ग्रुपला सोबत घेऊन एक सिंगल काढलं, बीबीसीच्या रेडिओ 1 नं ते यादीत घेतलं नाही. स्टेशनला तेव्हा तरुण श्रोता हवा होता. गाणं खपाच्या यादीत 24 व्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे वाजायच्या लायकीचं होतं, असं म्हणत ग्रुप कोर्टात गेला. हरला. कोणतं गाणं लावायचं ते स्टेशन ठरवणार. गंमत अशी की त्याच वर्षीचा त्यांचा अल्बम, ज्यात हे गाणं होतं, खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचला.

“म्हणजे रेडिओ नसला तरी खपतं?” हलगीवाला म्हणाला.

म्हटलं, त्यांच्यामागं तीस वर्षांचे श्रोते होते. त्यांना नाव माहीत होतं, दुकानात जाऊन मागता येत होतं. तुमचं नाव तुमच्या मामांना माहीत आहे.

तिसरा रकाना

हिशेब मार्चमधे बंद केला. ऐकण्याच्या रकान्यातून आलेली रक्कम सांगण्यासारखी नाही. त्यातच 2024 पासून स्पॉटिफायनं नियम केला की मागच्या बारा महिन्यांत 1,000 स्ट्रीम न झालेल्या गाण्याला काहीच मिळणार नाही. आमचं गाणं त्या रेषेच्या पुढं होतं, पण पुढं म्हणजे फाटकाच्या आत, घरात नव्हे. कॉलर ट्यूनचा रकाना जवळपास कोरा.

सुपाऱ्यांच्या रकान्यात मात्र अकरा नोंदी होत्या. प्रत्येक फोनवर मी एकच प्रश्न विचारत होतो : पोरांबद्दल कुठं कळलं? सात जणांनी रेडिओ सांगितलं. आणि त्या सातातल्या पाच जणांनी सांगितलेला रेडिओ आमचा पैसे मोजलेला नव्हता, तो एका संध्याकाळी एकदाच लागलेला आकाशवाणीचा कार्यक्रम होता. पहिली सुपारी सेलूच्या त्याच गुरुजींची, पुतणीच्या हळदीची.

पुढं विचार केला तर हे सरळ आहे. गाणं ऐकतं पोरगं, पण कार्यक्रमाचे पैसे देतो पोराचा बाप, मंडळाचा अध्यक्ष, संस्थेचा सचिव. पन्नाशीतली माणसं. ती रील बघून पैसे देत नाहीत. आकाशवाणीवर लागलं म्हणजे कुणीतरी पारखलं, पोरं वाह्यात नाहीत, शब्द बरे असतील, घरच्या बायकांसमोर चालेल, असा त्यांचा हिशेब. म्हणून तर आपल्याकडं आर्केस्ट्राच्या बॅनरवर, भारुडवाल्याच्या कार्डावर ‘आकाशवाणी कलाकार’ ठळक असतं. अकरा सुपाऱ्यांतून खर्च निघून चौघांच्या हातात थोडे पैसे पडले, तीन महिन्यांच्या खोलीभाड्याएवढे.

अकराचा आकडा लहान आहे, त्यावरून नियम काढता येत नाही. फोन करणाऱ्यानं ‘रेडिओवर ऐकलं’ म्हणणं हेही थोडं मोठेपणाचं असू शकतं. दोन जणांनी तर स्पॉट ऐकून आकाशवाणीवर ऐकलं असं सांगितलं असण्याची शक्यता मी धरून आहे. पण पैसा कोणत्या रकान्यातून आला, याबद्दल शंका नाही.

मे महिन्यात मानवतच्या एका बँडवाल्यानं कुणालाही न विचारता ‘जिंतूरच्या येष्टीत’ वरातीत वाजवायला घेतलं. नवरदेवाचा परण्या निघाला की हेच. त्याचे पैसे मिळायचं कारण नाही, आणि हलगीवाला त्यावरून चिडलाही. त्या महिन्यात मानवत-पाथरी पट्ट्यातला ऐकण्याचा आकडा अख्ख्या संभाजीनगरच्या स्पॉटांनी चढवला नव्हता तेवढा चढला. मी चौकशी करायला गेलो तर कळलं, वरातीतली पोरं नाचून दमली की क्लॅरिनेटवाल्याला विचारतात, हे कोणतं हो? आणि तो खिशातून मोबाईल काढून गाणं लावून दाखवतो. काउंटर नाही, फळी नाही, पण अण्णांचंच काम.

दुसरं सिंगल तयार आहे. गिटारचा तुकडा या वेळी आखूड आहे. नावावरून महिनाभर भांडण चाललं, शेवटी मुखड्याचे पहिले तीन शब्द हेच नाव, देवनागरीत, असं ठरलं. गाणारा आणि कीबोर्डवाला आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेची तयारी करतायत. एफएमचं नवं दरपत्रक माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडलंय, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. मानवतच्या बँडवाल्याचा मात्र काल रात्री फोन आला होता : “दादा, नवं गाणं काळी एकला धरायचं का काळी दोनला? पोरांना बसवायला टाइम लागतोय, लवकर धाडा.”